फारखत

(वसंतातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मघाशी व्यासपीठाची पायरी चढत असतानाच एक चिठ्ठी माझ्या हाती आली. ज्या व्याख्यानमालेत परवा उपनिषदांवर आणि काल कृष्णेच्या पाणीवाटपावर विद्वानांनी विवेचन केले, त्याच मालेत मोटारसायकलच्या शर्यतीतला एक स्वार आपल्या कारखान्याच्या संघापासून विभक्त होतो यावर दीड तास खर्च करण्याचे प्रयोजन काय, असा सरळ सवाल त्या चिठ्ठीत आहे. चिठ्ठी निनावी आहे, पण अक्षर एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांचे वाटते इतके वळणदार आहे. (हशा) प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी टाळणार नाही. विद्या ही कोणाच्या मालकीची, ती एका घरातून दुसऱ्या घरात कशी जाते, आणि जाताना मागे राहिलेल्यांचे देणे कोणी फेडायचे, हा प्रश्न उपनिषदकारांनाही पडलेला होता. मी तोच प्रश्न लेथ, कानस आणि पत्र्याच्या नळकांड्यापाशी उभा राहून विचारणार आहे, एवढाच फरक. आणि हा विषय मी निवडला यात माझी काही खाजगी निकड आहे, ती वेळ उरल्यास शेवटी सांगेन.

प्रथम शीर्षकाविषयी. ‘फारकत’ हा शब्द आपण आज नवराबायकोच्या किंवा दोन राजकीय पक्षांच्या ताटातुटीसाठी सर्रास वापरतो. परंतु जुन्या दप्तरांतले त्याचे रूप ‘फारखत’, म्हणजे फारिग-खत, असे आहे, आणि ऋणको-धनकोंमधला हिशेब पुरता होऊन आता एकाचे दुसऱ्याकडे काहीही लागत नाही असा धनकोने लिहून दिलेला दाखला, हा त्याचा मूळ अर्थ होय. अर्थात फारखत म्हणजे नुसते वेगळे होणे नव्हे. ते देणे चुकते करून वेगळे होणे आहे. आजचे व्याख्यान या एका शब्दाभोवती फिरणार आहे.

स्वाराने कारखाना सोडणे ही घटना शर्यतीच्या जगात नवी नाही. १९५३ साली जेफ ड्यूक या इंग्रज स्वाराने नॉर्टन सोडून इटलीच्या गिलेराचा मार्ग धरला, तेव्हा आपल्या देशाचे यंत्र टाकून परक्याच्या यंत्रावर हा बसला म्हणून इंग्लंडात पुष्कळ मने दुखावली. ड्यूकने तिकडे लागोपाठ तीन वर्षे ५०० सीसी वर्गाचे जगज्जेतेपद मिळवले. आपल्या काळात व्हॅलेंटिनो रॉसीने २००३ च्या अखेरीस, सर्व काही जिंकून देणारी होंडा सोडली आणि १९९२ नंतर एकही जगज्जेतेपद न मिळालेल्या यामाहाकडे तो गेला. करारनाम्याची मुदत ३१ डिसेंबरला संपेपर्यंत होंडाने त्याला नव्या यंत्राला हात लावू दिला नाही, आणि एप्रिल २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमची पहिलीच शर्यत त्याने जिंकून दाखवली. विजयानंतर तो गाडी कडेला लावून तिच्याशेजारी जमिनीवर बसला, ते चित्र इथल्या तरुण मंडळींच्या डोळ्यांपुढे असेल. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, जाताना त्याने जेरेमी बर्जेस हा आपला मुख्य यंत्रज्ञ बरोबर नेला, आणि यशात त्या माणसाचा वाटा किती हे जगाला दिसत राहिले. या दोन्ही ताटातुटींमध्ये रोष होता, पण करार होता, मुदत होती, उघड निरोप होता. त्यांना फारखत मिळाली होती.

मी ज्याची कथा सांगायला आलो, त्याला ती मिळाली नाही.

एर्न्स्ट डेग्नर हे त्याचे नाव. तत्कालीन पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात त्शोपाउ नावाचे एक लहानसे गाव आहे. युद्धापूर्वी तिथे डीकेडब्ल्यू या कारखान्याच्या मोटारसायकली निघत, आणि १९३० च्या सुमारास जगातला सर्वांत मोठा मोटारसायकल कारखाना म्हणून त्याची ख्याती होती. युद्ध संपल्यावर त्याच जागी सरकारी मालकीचा कारखाना उभा राहिला. त्याचे नाव पुढे एमझेड झाले. युद्धोत्तर जर्मनीची फाळणी, दोन्ही बाजूंची राज्यव्यवस्था, १३ ऑगस्ट १९६१ रोजी रातोरात घातली गेलेली बर्लिनची भिंत, हे सारे आपणांस विदित आहे. त्यात वेळ घालवीत नाही. एवढेच ध्यानात असू द्या की एमझेडचे स्वार शर्यतीसाठी पश्चिमेकडे जात, तिथे इतर स्वारांची मिळकत आणि मोकळीक पाहत, आणि शर्यत संपताच हुकमाप्रमाणे परत येत.

त्या कारखान्याच्या शर्यत-विभागाचे प्रमुख होते वाल्टर काडेन. (वक्त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला.) मी कानाला हात लावला हे पुढच्या रांगेतल्या काही गाणाऱ्या मंडळींनी पाहिले, त्या खुणेवर मी परत येईन.

काडेन यांनी काय केले ते समजण्यासाठी टू-स्ट्रोक इंजिन ठाऊक असावे लागते, आणि ज्या जिल्ह्यात घरोघरी लूना नांदली त्या जिल्ह्यातल्या श्रोत्यांना ते समजावून सांगणे म्हणजे त्यांचा अधिक्षेप होईल. (हशा) फक्त तिचे एक व्यंग आठवा. या इंजिनात जळालेला धूर बाहेर जाण्याची खिडकी आणि ताजे मिश्रण आत येण्याची खिडकी काही क्षण एकाच वेळी उघड्या असतात. त्यामुळे धुराबरोबर ताज्या मिश्रणाचाही बराचसा भाग न जळताच बाहेर पळतो. लग्नघरी पाहुण्यांना निरोप द्यायला दार उघडावे आणि त्यांच्यामागोमाग घरातली पोरेही अंगणात धावत सुटावीत, तसा हा प्रकार. दार लवकर लावावे तर पाहुणे आतच अडकतात, उशिरा लावावे तर पोरे बाहेर राहतात. अभियंत्यांनी अनेक वर्षे दार केव्हा लावायचे याचाच खल केला. काडेन यांनी दाराबाहेरच्या अंगणाकडे लक्ष दिले.

धूर खिडकीतून सुटतो तेव्हा नळीत दाबाची एक लाट उसळते आणि ध्वनीच्या वेगाने पुढे जाते. नळी पुढे शंकूसारखी रुंदावत गेली, तर त्या रुंदीवरून एक उलटी, ओढणारी लाट मागे येते. ती धूर उपसून काढते आणि ताजे मिश्रण अधिक जोमाने वर खेचते. त्यानंतर नळी पुन्हा निमुळती होत गेली, तर त्या अरुंद होणाऱ्या भिंतीवर आपटून दाबाची लाट परत फिरते, आणि अंगणात पळालेल्या पोरांना, दार मिटण्याच्या ऐन क्षणापूर्वी, आत ढकलून देते. दोन शंकू तळाशी जोडल्यासारखे ते पोट फुगलेले नळकांडे, ज्याला आपण ‘एक्स्पान्शन चेंबर’ म्हणतो, ते हेच. रुंद होणाऱ्या नळीची कल्पना इतरांच्याही डोक्यात होती. पण ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्या लाटा प्रत्यक्ष पाहून, लांबी आणि कोन मिलिमीटरने बदलत, वर्षानुवर्षे तपश्चर्या करावी तसे हे शास्त्र काडेन यांनी सिद्ध केले. त्याला डॅनियल झिमरमन या दुसऱ्या पूर्व जर्मन यंत्रज्ञाने आधी वापरलेल्या चकतीच्या झडपेची जोड दिली, आणि मिश्रण आत सोडणारा एक जादा मार्ग काढला. परिणाम असा की १९६१ मध्ये एमझेडच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. लिटरमागे २०० अश्वशक्ती! हवा दाबून भरणाऱ्या कोणत्याही पंपाशिवाय एवढा पल्ला त्याआधी कोणत्याही इंजिनाने गाठला नव्हता, आणि तो गाठला ज्याच्यापाशी धड मिश्रधातू नव्हते, परकीय चलन नव्हते, अशा एका कारखान्याच्या छोट्याशा खोलीने.

(या वेळी मंडपाबाहेर मोठा आवाज झाला.) कोणीतरी बुलेट सुरू केलेली दिसते. ती फोर-स्ट्रोक आहे, आज तिचा नंबर नाही. (मोठा हशा)

डेग्नर हा त्या यंत्रावरचा आघाडीचा स्वार होता आणि स्वतः तंत्र जाणणारा होता. काडेन यांच्या शेजारी उभा राहून तो ते घडताना पाहत आला होता. १९६१ च्या हंगामात तो १२५ सीसी वर्गात होंडाच्या टॉम फिलिसशी तोडीस तोड लढत होता. जुलैत घरच्या झाक्सनरिंगवर लाखांहून अधिक प्रेक्षकांपुढे तो जिंकला. सप्टेंबरच्या आरंभी मॉन्झाला जिंकला. आणि १७ सप्टेंबरला स्वीडनमधल्या क्रिस्तियानस्टाडला आला तेव्हा जगज्जेतेपद त्याच्या अगदी हाताशी होते.

परंतु तत्पूर्वीच, त्या जूनमध्ये, मॅन बेटावरच्या शर्यतींच्या वेळी सुझुकीच्या लोकांशी त्याची मसलत झाली होती. सुझुकीची यंत्रे तेव्हा वाटेतच गळाठत. त्यांच्यापाशी पैसा होता, चिकाटी होती, उत्तम यंत्रसामग्री होती; नव्हती ती ही विद्या. भिंत घातली गेल्यावर उरलेला विचार आपोआप संपला. ठरल्याप्रमाणे, स्वीडनच्या शर्यतीच्या सुमारास, डेग्नरची पत्नी आणि दोन लहान मुले एका मोटारीच्या डिकीत दडून सरहद्द ओलांडून पश्चिमेला पोचली. इकडे शर्यतीत डेग्नर पुढे असताना त्याचे इंजिन निकामी झाले. त्याने ते जाणूनबुजून घालवले असा आरोप पुढे पूर्व जर्मनांनी केला. जगज्जेतेपदासाठी जन्म घालवलेला स्वार, ते दोन हातांवर आलेले असताना, स्वतः ते मोडील, हे मला पटत नाही. त्या संध्याकाळनंतर तो संघात परतला नाही. डेन्मार्कमार्गे पश्चिम जर्मनीत गेला. पूर्व जर्मनीने फिर्याद केली, त्याचा परवाना रद्द झाला, हंगामाची अखेरची शर्यत अर्जेंटिनात त्याच्याविना झाली, आणि जेतेपद फिलिसला मिळाले. होंडाच्या पदरात पडलेल्या पहिल्या जगज्जेतेपदांपैकी ते एक.

पुढचे थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात डेग्नर जपानला, सुझुकीच्या हमामात्सूला गेला, तिथल्या अभियंत्यांबरोबर बसला, आणि १९६२ मध्ये सुझुकीच्या ५० सीसी यंत्रावर स्वतःच जगज्जेता झाला. सुझुकीचे ते पहिले विश्वविजेतेपद, आणि टू-स्ट्रोक यंत्राने मिळवलेलेही पहिलेच. १९६३ च्या नोव्हेंबरात जपानमधल्याच सुझुका या शर्यतमार्गावर गाडी पडून पेटली आणि तो भयंकर भाजला. त्वचारोपणाच्या असंख्य शस्त्रक्रिया सोसून तो पुन्हा गाडीवर बसला, पण पूर्वीचा डेग्नर पुन्हा दिसला नाही. १९८३ मध्ये तेनेरीफ बेटावर त्याचे निधन झाले. सुझुकाच्या मार्गावर आजही ‘डेग्नर’ नावाचे वळण आहे. फॉर्म्युला वनचे समालोचक दरवर्षी ते नाव उच्चारतात.

आता मी आपणांस विचारतो, आणि रागाने विचारतो असे वाटल्यास क्षमा असावी: काडेन यांच्या नावाचे वळण कोठे आहे?

डेग्नरला मी चोर म्हणणार नाही. ज्या राज्यात माणसाला स्वतःचे घर सोडून जायला मोटारीच्या डिकीत मुले दडवावी लागतात, त्या राज्याला निष्ठेचा मुचलका मागण्याचा अधिकार उरत नाही, हे माझे ठाम मत आहे. आणि सुझुकीच्या अभियंत्यांनाही मी केवळ नक्कलखोर ठरवणार नाही. २५ अश्वशक्तीचा शंकू कोणीही वाकवू शकेल, पण तो न फुटता, न चिकटता, हजारो फेऱ्यांपर्यंत टिकवणे ही विद्या त्यांची स्वतःची होती. विद्या वाहतीच असावी. माझी तक्रार फक्त खतावणीविषयी आहे. ती विद्या त्शोपाउहून हमामात्सूला गेली, तिथून सर्व जपानला गेली, आणि १९७५ पासून २००१ पर्यंत ५०० सीसी वर्गाचे प्रत्येक जगज्जेतेपद टू-स्ट्रोकने जिंकले. या सगळ्या जमेच्या बाजूला मूळ नाव मात्र कोणी लिहिले नाही. याहून विलक्षण गोष्ट ऐका. त्याच त्शोपाउची युद्धापूर्वीची डीकेडब्ल्यू आरटी १२५ ही गाडी युद्धानंतर इंग्लंडने, रशियाने, अमेरिकेने आपापल्या नावाने बनवली, आणि १९५५ मध्ये यामाहाने आपली पहिली मोटारसायकल काढली तीही तिच्याच नमुन्यावर. तेव्हा यामाहाच्या ज्या आरएक्स १०० साठी या शहरातले तरुण आजही दुप्पट किंमत मोजायला तयार असतात, तिच्या वंशावळीत मागे मागे जा. एका सॅक्सन गावाच्या उंबऱ्यापाशी येऊन पोचाल.

आपल्याकडे या गोष्टीची रीत फार पूर्वीच ठरलेली आहे, आणि माझा आग्रह असा की ती गाण्यापुरती ठेवू नये. गवई गुरूचे नाव घेतो तेव्हा कानाच्या पाळीला हात लावतो. भास्करबुवा बखल्यांनी तीन घराण्यांची विद्या घेतली. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तिघांचे नाव त्यांच्या नावाबरोबर आजही चालते, आणि म्हणून ते एका घराण्यातून दुसऱ्यात पळाले असे कोणी म्हणत नाही. घराणे बदलण्याला गाण्यात बंदी नाही. नाव बुडवण्याला आहे. आपल्या धर्मशास्त्राने सांगितलेल्या तीन ऋणांपैकी ऋषिऋण फेडण्याचा मार्ग एकच: शिकणे, शिकवणे, आणि ज्यांनी शिकवले त्यांचे स्मरण ठेवणे. कारखान्यात मात्र आपण असे मानून बसलो आहोत की तिथे घराणी नसतात, फक्त मालक असतात आणि पेटंटे असतात. तिथेही घराणी असतात. मी ती पाहिलेली आहेत.

(या वेळी वीज गेली. काही मिनिटांनी कंदील आणण्यात आले व व्याख्यान पुढे सुरू झाले.)

अंधारात हे सांगायला अधिक सोपे जाईल, म्हणून जी गोष्ट शेवटी सांगणार होतो ती आताच सांगतो.

१९७० च्या दशकात कोल्हापुरात मी पदविकेचा अभ्यास करीत होतो आणि माझ्यापाशी एक जुनी जावा होती. शिवाजी उद्यमनगरात, जिथे ओतशाळांच्या भट्ट्या आणि लेथ रात्री दहापर्यंत थांबत नसत, तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री होते. त्यांच्या घरच्यांची इच्छा नाही म्हणून मी नाव उच्चारीत नाही. हात मात्र कानाकडे जातो. शाळा त्यांनी चौथीनंतर सोडलेली. मी एके दिवशी तक्रार घेऊन गेलो की गाडी चढावर दम टाकते. त्यांनी इंजिन सुरू करून धुराड्याच्या तोंडापाशी आडवा तळवा धरला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “वारं परत येतंय, पण येळ चुकतीय त्याची.”

काडेन यांच्याविषयी त्या काळी मी एक अक्षर वाचलेले नव्हते. मिस्त्रींनी तर नावही ऐकले नव्हते. पण ते वाक्य आठवले की आजही माझ्या अंगावर काटा येतो. जे त्शोपाउमध्ये ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दिसत होते, ते उद्यमनगरात एका माणसाच्या तळव्याला कळत होते.

त्यानंतरचे दीड महिने मी कॉलेज बुडवून तिथेच काढले. मिस्त्री वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून शंकू करीत, तो उलगडून पत्र्यावर खडूने खूण करीत, पत्रा कापून लोखंडी नळावर ठोकत ठोकत वळवीत, आणि गॅसने सांधत. नळकांडी बसवून आम्ही पन्हाळ्याच्या रस्त्याला जायचो. वाघबिळापासून वरच्या नाक्यापर्यंत मी चढायचो, मिस्त्री मागे बसून घड्याळ लावायचे. परत आल्यावर प्लग काढून त्याचा रंग बघायचे, आणि शंकूचा एखादा सूत तुकडा कापून पुन्हा सांधायचे. दुधाच्या चहासारखा रंग आला की खूश, पांढुरका आला की कपाळाला आठी. कोन पुढे किती, मागे किती, सरळ पोट किती लांब, याची त्यांची मापे एका जुन्या पंचांगाच्या समासात लिहिलेली होती. गाडी एकवीस नळकांड्यांनंतर ज्या तऱ्हेने घाट चढली, ते मी कधी विसरणार नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी ते पंचांग माझ्यापुढे सरकवले आणि मापे उतरवून घे म्हणाले. पैसे घेतले ते फक्त पत्र्याचे.

दोन वर्षांनी मी एका कारखान्यात रुजू झालो. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष त्याचा नव्हता. तिथे शेतातल्या फवारणीयंत्रांसाठी लहान टू-स्ट्रोक इंजिने बनत, आणि एका नमुन्याची शक्ती ऐन कामाच्या वेगाला ढासळत असे. वरिष्ठ हैराण झाले होते. मी मिस्त्रींची मापे त्या इंजिनाच्या प्रमाणात बसवून तीन रात्री जागून एक नळकांडे केले, आणि इंजिन सुधारले. मला पृष्ठावर पृष्ठे भरून अहवाल लिहायला सांगण्यात आले. मी तो लिहिला. आकृत्या काढल्या, सूत्रे घातली, पाश्चात्त्य ग्रंथांचे आधार दिले. मिस्त्रींचे नाव लिहिले नाही. चौथी शिकलेल्या माणसाचे नाव अहवालात शोभणार नाही, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण असे होते की ते लिहिले असते तर शाबासकी अर्धी झाली असती. बढती मिळाली, प्रशस्तिपत्र मिळाले. ते पत्र घरात आजही आहे आणि मी ते भिंतीवर लावलेले नाही.

श्रोतेहो, डेग्नरवर भिंतीचे, पहाऱ्याचे, बायकामुलांच्या भवितव्याचे दडपण होते. माझ्यावर कसलेही नव्हते. मी उद्यमनगरातून कोणत्याही डिकीत न लपता, एस.टी.च्या तिकिटावर, दिवसाढवळ्या गेलो होतो. म्हणून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही असे जर त्या चिठ्ठी लिहिणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे असेल, तर मी उलट म्हणेन की मलाच तो आहे. ज्याच्याकडे देणे थकलेले असते त्याला फारखतीची किंमत अधिक कळते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. पाच मिनिटे आहेत. काडेन यांच्याविषयी पुष्कळ सांगायचे होते, ते आता वेगाने सांगतो. डेग्नर गेल्यावर शर्यत-विभाग बंद पडेल असे सर्वांना वाटले. काडेन राहिले आणि काम करीत राहिले. १९६३ मध्ये माइक हेलवूडसारखा थोर इंग्रज स्वार झाक्सनरिंगवर त्यांच्या २५० सीसी यंत्रावर जिंकला. १९६४ मध्ये अ‍ॅलन शेपर्डने अमेरिकेतल्या डेटोनाला त्यांचे यंत्र पहिले आणले. जपान्यांचे खर्च त्यांच्या कितीतरी पट होते. १९७१ मध्ये झाक्सनरिंगवर एक पश्चिम जर्मन स्वार जिंकला आणि पूर्वेकडच्या प्रेक्षकांनी पश्चिमेचे राष्ट्रगीत म्हटले. पुढच्या वर्षानंतर तिथली जागतिक शर्यतच बंद झाली. ज्या यंत्रांनी हे सगळे जिंकले त्यांच्या पोटात काडेन यांचा शंकू होता, हे तिथे जमलेल्या किती जणांना ठाऊक होते? १९९६ मध्ये ते वारले. त्यांना कोणी मानधन द्यायला हवे होते असे मी म्हणत नाही. सुझुकीने १९६२ च्या विजयपत्रावर एक ओळ घातली असती तरी पुरे होती. मी त्या अहवालात एक ओळ घातली असती तरी पुरे होती. आणि या मंडपात अभियांत्रिकीचे जे विद्यार्थी बसले आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की प्रकल्पाच्या वहीत पहिल्या पानावर वर्कशॉपमधल्या त्या माणसाचे नाव लिहा, ज्याने तुम्हांला पाना धरायला शिकवला. प्राध्यापक हरकत घेतील, तर त्यांना माझ्याकडे पाठवा. (टाळ्या)

वेळ संपली आहे, एवढेच सांगून थांबतो. तीस वर्षांनी मी उद्यमनगरात गेलो. मिस्त्री जाऊन सहा वर्षे झाली होती. शेड तीच होती. त्यांचा मुलगा जमिनीवर पालथा पडून कोणाच्या तरी गाडीच्या पोटाखाली काम करीत होता. मी त्याला सर्व हकिकत सांगितली: अहवाल, बढती, गाळलेले नाव. तो काम न थांबवता ऐकत होता. माझे सांगून झाल्यावर बराच वेळ काहीच बोलला नाही, मग गाडीखालूनच त्याने विचारले, “मागचा शंकू किती ठेवला होता तुम्ही?”

साडेपाच इंच, मी म्हणालो.

तो बाहेर आला, हात पुसले, आणि क्षणभर तळव्याकडे बघत म्हणाला, “बाबांनी पाचच ठेवला असता.”